सैल लगाम

इंदूरहून खंडवा रस्त्यानं तेजाजी नगर आणि सिमरोल मागे टाकलं की माळव्याचं पठार एकदम संपतं. तोवर डोळ्यांना सवय असते ती सपाट काळ्या मातीची, सोयाबीनच्या आणि गव्हाच्या लांबच लांब शेतांची. मग भेरूघाट येतो, रस्ता वळणं घेत उतरायला लागतो आणि विंध्याच्या सोंडा एकामागे एक निमाडकडे जाताना दिसतात. या कडेवर सागाचं आणि पळसाचं जंगल आहे, चोरल नदी आहे, तिला मिळणारे पुष्कळ नाले आहेत. त्यांच्या मधून गुराख्यांनी, सरपण वेचणाऱ्या बायकांनी आणि कधीकाळी बैलगाड्यांनी पाडलेल्या वाटा जातात. गेली काही वर्षं माझे सुटीचे दिवस या वाटांवर जातात, घोड्यावरून. सध्या मी एक बछेरी तयार करते आहे, ती याच वाटांसाठी. तिचं नाव रेवा.

पायवाट घोड्याकडून जे मागते ते मैदान कधी मागत नाही. मैदानात जमीन एकसारखी, समोरचं सगळं स्वच्छ दिसणारं, आणि निर्णय स्वाराचे. चोरलच्या उतारावर एका पावलाखाली बेसॉल्टची गुळगुळीत फरशी असते, दुसऱ्याखाली घसरता मुरूम. काळ्या मातीला वैशाखात खूर आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच माती खुराला गोळ्यागोळ्यानं चिकटते. हरभऱ्याच्या शेतातून अचानक रोजडी, म्हणजे नीलगाय, उठते. दुधाच्या कॅन लटकवलेली मोटारसायकल वळणावर पुढ्यात येते. पातालपाणी ते कालाकुंड मीटरगेज रुळावरून पर्यटकांची गाडी शिट्टी देत जाते, आणि ती शिट्टी दरीत दोनदा ऐकू येते. अशा ठिकाणी प्रत्येक पावलाला माझी परवानगी मागणारा घोडा माझ्या उपयोगाचा नाही. पाय कुठे टाकायचा हे त्याचं त्यानं ठरवलं पाहिजे. ठरवता येईल असा घोडा घडवायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाला कमी करता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

इंदुरात घोडा म्हटलं की लोकांना वरातीची घोडी आठवते. मला त्या घोड्यांबद्दल मनापासून आदर आहे. बँड, जनरेटरची घरघर, फटाके, अंगावर लखलखणारी झूल, पाठीवर घाबरलेला नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात बसवलेलं लहान पोर, एवढं सगळं घेऊन ती घोडी राजवाड्याच्या गर्दीतून चालते. काही घोड्या हे शांतपणे करतात, कारण कुणीतरी त्यांना हळूहळू सवय लावलेली असते. काही घोड्या करतात ते मात्र तोंडातल्या लोखंडाच्या भीतीनं. काटेरी लगामाला आपल्याकडे १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांबाबतच्या नियमांत बंदी आहे, तरी असे लगाम अजून दिसतात. मी ते हातात धरून पाहिले आहेत. जिभेवर आणि पुढच्या-मागच्या दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर ते टोचतात, आणि ती हिरडी म्हणजे हाडावर ताणलेली पातळ कातडी. त्या दुखण्याला घोडं थांबतं हे खरं. पण थांबलेलं घोडं आणि शांत झालेलं घोडं यांत फरक आहे.

आमच्या घराण्यात घोडा कधी नव्हता. पूर्वज होळकरांच्या मागून दख्खनेतून आले ते दफ्तरात लेखणी चालवायला. तरीही इंदुरात वाढलेल्या मराठी माणसाला घोड्याचा इतिहास चुकवता येत नाही, कारण हे शहर घोड्यांच्या पाठीवरूनच मराठी झालं. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) नीरेकाठच्या होळ गावचे, धनगराच्या घरातले. कंठाजी कदम बांडे यांच्या पथकातून ते पुढे आले. मराठ्यांच्या घोडदळात ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन येई तो शिलेदार. या फौजांखाली घोडे कोणते होते, तर बरेचसे भीमेच्या खोऱ्यातले, भीमथडीचे. उंचीला कमी, खुराला कठीण, दिवसभर चालून मिळेल त्या चाऱ्यावर राहणारे. उंचापुऱ्या अरबी घोड्यांपुढे ते दिसायला काहीच नव्हते, पण नर्मदा ओलांडून माळव्यात यायचं आणि पुन्हा परतायचं हे काम त्यांनी केलं. भीमथडीला आता स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे, आणि महाराष्ट्रातले धनगर मेंढपाळ आजही बिऱ्हाड वाहायला हीच तट्टं वापरतात.

या मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर शिंगरू आईच्या मागून चालतं. पाठीवर काही नसतं, तोंडात काही नसतं. आई नाल्यात उतरली की तेही उतरतं, आई दगडावर पाय चाचपते तेव्हा तेही पाहत असतं. खोगीर अंगावर येण्याआधी त्याची घाटातली शाळा पूर्ण झालेली असते. मला वाटतं, त्या तट्टांच्या काटकपणाचं जे कौतुक होतं त्यातला मोठा हिस्सा या चालण्याचा आहे. रेवाला ती शाळा मिळालेली नाही. ती मारवाडी जातीची, कुमाईत म्हणजे काळ्या आयाळीच्या तांबूस-तपकिरी रंगाची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना लागणारी. सपाट जमिनीवरच्या एका कुंपणात ती वाढली. तिनं वाहतं पाणी पाहिलेलं नव्हतं. उतार पाहिलेला नव्हता. आईपासून जे आपोआप मिळालं असतं ते आता माणसानं, म्हणजे मी आणि आमच्या तबेल्यातल्या चाचांनी द्यायचं आहे.

ती आली तेव्हा अडीच वर्षांची होती. चाचांनी तिचा ओठ वर करून दात पाहिले: पुढचे मधले दुधाचे दात नुकतेच पडून पक्के यायला लागले होते. त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनला बदलते, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. या सगळ्या काळात तोंड दुखतं. अशा तोंडात कडियाळं घालायचं आणि मग ती डोकं झटकते म्हणून तिला हट्टी म्हणायचं, हे अनेक ठिकाणी चालतं. हाडांचंही तसंच आहे. खुराजवळची हाडं पहिल्या वर्षात पक्की होतात, गुडघ्याच्या वरची अडीचच्या सुमारास, आणि पाठीचे मणके सगळ्यांत शेवटी, पाचव्या-सहाव्या वर्षी. आपण बसतो ते नेमके पाठीवर. अडीच वर्षांचा मारवाडी घोडा बाहेरून इतका भरलेला, देखणा दिसतो की बघणाऱ्याला वाटतं हा तयार आहे. तयार तो नसतो.

म्हणून बराच काळ मी तिच्यावर बसलेच नाही. याचं लोकांना फार नवल वाटे. कॉलनीतले विचारत, नातेवाईक विचारत, सराफ्यात भेटलेला जुना वर्गमित्रसुद्धा विचारी, "अजून बसली नाहीस? मग करतेस काय तिथे जाऊन?" आई मात्र खूश होती. "चालते आहेस ना तिच्याबरोबर जमिनीवरून, तेच बरं आहे. मान मोडून घेण्यापेक्षा," असं ती म्हणायची. जमिनीवरून चालणं हेच त्या काळातलं काम होतं. मोहरकी, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्याला बांधायचा साज, घालून घेणं, दोरीवर शेजारून चालणं, थांबणं, मागे सरणं, चारही पाय उचलू देणं, खूर साफ करू देणं, खरारा पोटाखालून फिरला तरी उभं राहणं. मागचा पाय उचलू देणं हे आपल्याला किरकोळ वाटतं. पळून जाणं हा ज्या प्राण्याचा मुख्य बचाव आहे तो आपला पाय दुसऱ्याच्या हातात देतो, ही फार मोठी गोष्ट आहे. ती मिळवण्यासाठी आठवडे लागले तर त्यात वाया काहीच गेलेलं नसतं.

चाचांचं घराणं पिढ्यान्पिढ्या वरातीच्या घोड्यांचं. त्यांच्या हातात मी काटेरी लगाम कधी पाहिला नाही. ते बोलतात कमी. माझ्याशी इंदुरी हिंदीत, घोड्यांशी नुसत्या जिभेच्या टकटकीनं. रेवा पहिल्यांदा बुजली तेव्हा ते मला म्हणाले, "डरी हुई घोड़ी को मारोगे बेटा, तो एक की जगह दो डर हो जाएँगे।" एवढंच. नंतर त्यांनी शिकवलं ते हातानं.

ते शिकवणं असं. दोरी हलकी ताणायची, अगदी बोटांनी. ती पुढे येत नसेल तर ताण वाढवायचा नाही, तेवढाच धरून ठेवायचा. ती नुसती पुढे झुकली, वजन पुढच्या पायांवर आलं, पाऊल अजून उचललेलंही नाही, त्याच क्षणी दोरी सोडायची. पूर्ण सैल. घोड्याला जे कळतं ते दाब निघून जाण्यातून कळतं: "हे केलं आणि सुटका झाली, म्हणजे हेच हवं होतं." सोडायला क्षणभर उशीर झाला तर तिला कळतच नाही की सुटका कशाबद्दल मिळाली. आणि सोडलीच नाही, ती पुढे येऊनही ओढतच राहिलं, तर ती शिकते की पुढे येण्यानं काही फरक पडत नाही. मग उद्या जास्त ओढावं लागतं. साधी दोरी पुरेनाशी होते म्हणून साखळी येते, साखळी पुरेनाशी होते म्हणून काटेरी लोखंड येतं. त्या लोखंडाची सुरुवात कुणाच्या क्रूरपणात असतेच असं नाही. पुष्कळदा ती न सोडलेल्या दोरीत असते. चाचा हे ज्या बारकाईनं करतात ते पाहायला मी तबेल्यात काम नसतानाही जाते. त्यांची बोटं उघडलेली दिसत नाहीत, पण दोरीचा मधला भाग खाली झुकतो आणि घोड्याचा कान त्यांच्याकडे वळतो.

बुजण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पायवाटेवर सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या थेट पुढे, नाकाखाली, आंधळी जागा असते. उन्हातून सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रंगांत निळा आणि पिवळा त्याला ओळखता येतात, लाल नीट कळत नाही. हे एकदा समजलं की बुजणं लहरी वाटत नाही. सोयाबीनची मळणी झाली की शेतकरी ढिगावर निळी ताडपत्री टाकतात. मातकट शेतात ती निळाई घोड्याच्या डोळ्यांत भरते, त्यात वाऱ्यानं तिचा एक कोपरा फडफडत असतो. रेवाला ती ताडपत्री म्हणजे जिवंत काहीतरी वाटली, आणि तसं वाटायला तिच्याकडे चांगली कारणं होती. परतताना तीच ताडपत्री दुसऱ्या बाजूनं दिसली तेव्हा ती पुन्हा थबकली. आकार वेगळा, सावली वेगळी, म्हणजे वस्तूही नवी. तिच्या जागी कुठलंही सावध जनावर पुन्हा तपासेल.

अशा वेळी मी करते ते फार साधं आहे. थांबते. तिला तोंड त्या वस्तूकडे करू देते, दोन्ही डोळ्यांनी पाहू देते. पुढे ढकलत नाही आणि पळूही देत नाही. तिच्या नाकपुड्या रुंद असतात, डोळ्यांतलं पांढरं दिसतं, हनुवटी दगडासारखी कडक असते. मग एक वेळ येते की मान थोडी खाली जाते. जीभ ओठांवरून फिरते. ती नाकातून लांब फुरफुरते. मग आम्ही दोघी वळतो आणि ताडपत्रीपासून लांब जातो. पुढच्या वेळी थोडं जवळ. लांब जाणं यात महत्त्वाचं आहे: आपण शांत झालो की या गोष्टीपासून दूर जायला मिळतं, हे तिला कळलं की जवळ जाणं परवडायला लागतं. काही दिवसांनी तिनं आपणहून ताडपत्रीला नाक लावलं, मग ती दातांत धरून ओढली. शेताचा मालक बांधावर बसून बघत होता. तो म्हणाला, "अब ये मेरी ताडपत्री ले जाएगी।"

पण ताडपत्री सोपी. पाणी अवघड.

चोरलला मिळणारा एक नाला आमच्या नेहमीच्या वाटेत आडवा येतो. दिवाळीनंतर त्यात घोट्याएवढं पाणी असतं, तळ दिसतो, रुंदी एखाद्या खोलीएवढी. माणसाला त्यात बघण्यासारखंही काही नाही. घोड्याचं तसं नाही. नाकाच्या थेट खालचं त्याला दिसत नाही, म्हणून पाण्याची खोली ठरवायला मान खाली घालावी लागते. पाण्यावर आकाश चमकतं, तळ हलतो, आवाज सतत येतो. त्यातून पलीकडे जायला सांगणारा माणूस पाठीवर बसलेला, म्हणजे संकट आलं तर तोही ओझंच. रेवा काठापासून बरीच लांब थांबली आणि तिथेच चिकटली.

पहिल्यांदा आम्ही तिथवरच गेलो आणि परतलो. पुढच्या वेळी मी खाली उतरले, बूट काढले आणि स्वतः नाल्यात जाऊन दगडावर बसले, दोरी लांब सैल सोडून. हिवाळ्यातलं पाणी, पाय गोठतात. ती काठावर उभी राहिली, मध्येच गवत खाई, मध्येच मला बघे. एकदा तिनं पुढचा पाय पाण्यात आपटला, पाणी तिच्या पोटावर उडालं, ती मागे उडी मारून उभी राहिली आणि लगेच पुन्हा पुढे आली, पुन्हा पाय आपटला. हे कुतूहल होतं. भीतीतून कुतूहलाकडे जाणारा तो क्षण मला या सगळ्या कामातला सर्वात सुंदर वाटतो, आणि तो जोर लावून आणता येत नाही. तिथे ओढलं असतं तर ती कदाचित पार झालीही असती, एक प्रचंड उडी मारून. अशा उडी मारणाऱ्या घोड्यावर नाला ओलांडणं म्हणजे प्रत्येक नाल्यावर जीव मुठीत धरणं. मला ती चालत पार व्हायला हवी होती, पाऊल पाऊल टाकत, तळ चाचपत.

शेवटी पार केलं ते तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोडीनं. माझा भाचा तिच्यावर बसून पुढे गेला, ती सवयीनं पाण्यात उतरली, मधोमध थांबून पाणी प्यायली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. रेवा खिंकाळली, काठावर इकडून तिकडे गेली, मान खाली घालून पाण्याचा वास घेतला. मी काहीच सांगितलं नाही. लगाम पूर्ण मोकळा होता, एक हात आयाळीत. मग ती उतरली. एक पाय, बराच वेळ काही नाही, दुसरा पाय. मधोमध, जिथे म्हातारी थांबली होती तिथेच थांबून ती पाणी प्यायली. धनगरांच्या वाटेवर शिंगरू आईकडून असंच शिकत असणार. पलीकडे गेल्यावर मी खोगीर उतरवलं, तंग लागलेल्या जागेवर हात फिरवला आणि त्या दिवशी पुढे काही केलं नाही. लगेच परत पार करून बघावं, पक्कं करून घ्यावं असा मोह प्रत्येक स्वाराला होतो. माझ्या मते जमलं तिथेच थांबणं जास्त पक्कं करतं. दुसरी वाट लांबची होती, पुलावरून, आम्ही तिनं आलो.

या शहरात घोडेस्वारीच्या एका अगदी वेगळ्या प्रकारानं अलीकडे मोठा मान मिळवला. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ड्रेसाज या प्रकारात भारताच्या चौघांच्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. १९८२ नंतर घोडेस्वारीतलं हे भारताचं पहिलं सुवर्ण, आणि त्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. ड्रेसाजमध्ये घोडा आखलेल्या चौकोनात जवळजवळ नाचतो, आणि स्वार काही करतो आहे असं बघणाऱ्याला वाटतच नाही. माझ्या रेवाला त्यातलं काही यायचं नाही, गरजही नाही. पण मी ते सामने पाहिले तेव्हा माझं लक्ष स्वारांच्या बोटांवरच होतं. इतक्या उंचीवरही संकेत देणं आणि लगेच सोडणं हेच चाललेलं असतं, फक्त आपल्याला दिसणार नाही इतकं बारीक झालेलं. ज्या शहरातून अशी मुलगी जाते त्या शहरात वरातीच्या घोड्यांच्या तोंडातले काटेही निघावेत, असं मला तेव्हा फार वाटलं.

रेवाच्या पाठीवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा ती चार वर्षांची होत आली होती. त्याआधी खोगीर, त्याआधी नुसतं पोतं, त्याआधी पाठीवर आडवा टाकलेला माझा हात. बसल्यावर फक्त चाल. दुडकीसुद्धा उशिरा आली. पहिले काही महिने तोंडात लोखंड नव्हतंच, मोहरकीवरच काम झालं. वजनाचा हिशेब मी काटेकोर ठेवते: खोगिरासकट स्वाराचं ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं हा चांगला दंडक आहे, आणि लहान वयाच्या घोडीला त्याहून कमी. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर सत्तर किलो ही शेवटची मर्यादा. लांबच्या वाटेवर चढ आला की मी उतरून चालते.

उताराचं मात्र सांगायलाच हवं, कारण सगळी मेहनत तिथे एका ठिकाणी येऊन मिळते. सपाटीवर उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. उतारावर ते आणखी पुढे येतं, वर स्वाराचं. तोल राखायला घोड्याकडे मोठं साधन असतं ते मान. ती लांब करून, खाली नेऊन, हलवून तो स्वतःला सावरतो, आणि मान खाली गेली की पायापुढची जमीनही दिसते. घाबरलेला स्वार नेमकं उलटं करतो, लगाम आवळतो. मग मान वर जाते, डोळे आकाशाकडे, तोल गेलेला, आणि घोडा आंधळेपणानं पाय टाकतो. कडक हाताखाली तयार झालेले घोडे मी अशा उतारावर पाहिले आहेत. ते आज्ञेची वाट बघत थिजून उभे राहतात किंवा घसरत सुटतात. त्यांना स्वतः ठरवायची मुभा कधी मिळालेलीच नसते, तर ती ऐनवेळी मुरमाच्या कड्यावर कुठून येणार?

काजलीगढच्या बाजूला असा एक उतार आहे. वरून सैल खडी, मध्ये पावसानं कापलेली घळ, खाली सागाची वाळकी पानं. मी लगाम मोकळा सोडला, वजन रिकिबीत घेतलं आणि गप्प बसले. रेवा थांबली. मान खाली घालून तिनं वास घेतला, एका पुढच्या खुरानं खडी जरा ढकलून पाहिली. मग सरळ खाली न जाता उजवीकडे वळून आडवी चालायला लागली, एका पळसापाशी वळली, पुन्हा आडवी. मागचे पाय पोटाखाली घेऊन, जवळजवळ बसत, ती तो उतार नागमोडी उतरली. पानांच्या थरापाशी पुन्हा थांबली, पायानं चाचपलं, मगच पुढे. घळ तिनं कुठे ओलांडायची हे मी ठरवलं नव्हतं. खाली भाचा वाट बघत होता, त्यानं विचारलं, "मावशी, तू कुठून आणलंस तिला?" मी म्हटलं, तिनं मला आणलं. हे मी अगदी शब्दशः म्हटलं होतं.

बाकीची काळजी रोजचीच आहे. घोड्याला ओकारी करता येत नाही, पोट लहान असतं, म्हणून हरभऱ्याची चंदी थोडी थोडी, आणि चंदीनंतर लगेच रपेट नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही फटफटतं तेव्हा निघतो आणि ऊन चढायच्या आत परत. पावसाळ्यात माशा वाढतात, सर्रा नावाचा ताप त्यांच्यामुळेच पसरतो, तेव्हा तबेला कोरडा ठेवायचा. नाल ठोकावेत की नाही यावर चाचांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात बेसॉल्टवर नाल हवेच. मला वाटतं, नालाचं गुळगुळीत लोखंड त्याच फरशीवर जास्त घसरतं आणि तिचे खूर चांगले कठीण होत आहेत. तूर्त पुढच्या पायांना नाल आहेत, मागच्यांना नाहीत, असा तह झाला आहे.

तिचं अजून एक मोठं शिकणं राहिलं आहे: एकटं राहणं. म्हातारी घोडी नजरेआड गेली की रेवा अस्वस्थ होते, सारखी वळून बघते, खिंकाळते. रात्रीच्या मुक्कामाला असं चालत नाही. दोन झाडांमध्ये उंच बांधलेल्या दोरीला तिला शांतपणे उभं राहता आलं पाहिजे, दोरीत पाय अडकला तर न झटकता थांबता आलं पाहिजे. सध्या आम्ही म्हातारीला आधी एका झुडपामागे नेतो, मग लगेच परत आणतो. मग जरा लांबच्या झुडपामागे. रेवा खिंकाळली तरी मी तिला गप्प करत नाही. हाक मारणं तिचा हक्क आहे. तिची मान खाली येईपर्यंत थांबते आणि मान आली की भाचा म्हातारीला घेऊन येतो. या पावसाळ्यात वाटा बंदच असतात, तेव्हा तबेल्याच्या मागच्या आंब्यांना दोरी बांधून हेच करायचं ठरलं आहे.

दसऱ्याला तिची पूजा करू. नाले उतरले, वाटेवरचा चिखल सुकला की चोरलच्या काठी पहिला मुक्काम. चाचा म्हातारीवर येणार, भाचा तंबू आणणार. आई म्हणाली आहे की ती संध्याकाळी गाडीनं येईल आणि सगळ्यांसाठी डबा आणेल. रेवासाठी गूळ आणायचा की गाजरं, हे ती मला रोज विचारते.